तीन हंगामांचं आगळ आणि बदललेले तारे

वेंगुर्ले तालुक्यातला एक महिला बचत गट रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, आगळ करतो. आगळ म्हणजे सालींना मीठ लावून सुटलेला आंबट-खारट रस. त्याचं हे परीक्षण. २०२३च्या आगळाला तीन तारे, २०२४च्या आगळाला चार आणि २०२५च्या आगळाला साडेचार. गटाचं नाव मुद्दाम टाळलं आहे. पहिल्या वर्षीची तक्रार मोठी होती, गट लहान आहे आणि तक्रार आता मिटली आहे. शिवाय खाली दिलेली तपासणी कुडाळ, सावंतवाडी, मालवण, रत्नागिरी अशा कुठल्याही बाजारात घेतलेल्या बाटलीला जशीच्या तशी लागू पडते.

तिन्ही वर्षांतली सगळ्यांत चांगली बाटली २०२३चीच होती. आगळ दाट, काचेवरून सावकाश ओघळणारं, जांभळाकडे झुकलेलं तांबडं. झाकण उघडल्यावर ताज्या रातांब्याचा वास, आंबवल्याची झाक अजिबात नाही. नुसतं बोटावर घेतलं तरी आधी आंबट लागायचं आणि मीठ मागून यायचं. असं आगळ बाजारात क्वचित मिळतं. तरीही त्या वर्षाला तीनच तारे, कारण त्याच महिन्यात, त्याच दुकानातून आलेली त्याच गटाची दुसरी बाटली इतकी खारट निघाली की सोलकढीत आंबटपणा यायच्या आत मीठच वर आलं. लेबल दोन्हींवर सारखं, किंमत सारखी, आतला माल मात्र दोन वेगळ्या घरांतून आल्यासारखा.

हे ताडून पाहायला घरचा साधा वजनकाटा पुरतो. लहान काचेची बाटली घ्यायची, ती काठोकाठ पाण्यानं भरून वजन करायचं, मग रिकामी करून, कोरडी पुसून तितकीच आगळानं भरायची. रिकाम्या बाटलीचं वजन दोन्हींतून वजा करायचं, आगळाच्या आकड्याला पाण्याच्या आकड्यानं भागून शंभरानं गुणलं की झालं. १०० मि.ली. पाणी १०० ग्रॅम भरतं. नुसतं मिठाचं १५ टक्के द्रावण साधारण १११ ग्रॅम भरतं आणि २० टक्के द्रावण ११५ ग्रॅमच्या आसपास. आगळात मिठाबरोबर फळातले विरघळलेले घटकही असतात, म्हणून ते आणखी थोडं जड. २०२३ची चांगली बाटली १०० मि.ली.ला ११३ ग्रॅम होती आणि खारट बाटली ११९. एखाद्या ग्रॅमचा फरक हाताच्या चुकीत जातो, सहा ग्रॅमचा जात नाही. या काट्यानं मीठ किती टक्के ते नेमकं सांगता येत नाही, पण दोन बाटल्या एकसारख्या आहेत की नाहीत ते लख्ख कळतं.

दुसरी तपासणी सोलकढीची. ती तिन्ही वर्षं काडीचाही बदल न करता केली. मत बदलायला हरकत नाही, पण माप बदललं तर मत कशामुळे बदललं हेच कळेनासं होतं. मध्यम आकाराचा एक नारळ खवून, तीनशे मि.ली. कोमट पाण्यात वाटून पहिला रस, चारशे मि.ली. पाण्यात पुन्हा वाटून दुसरा. दोन्ही एकत्र गाळून साधारण पाऊण लिटर रस निघतो. वाटतानाच दोन लहान पाकळ्या लसूण आणि एक हिरवी मिरची. रस पूर्ण गार झाल्यावर १५ मि.ली.चे तीन चमचे आगळ, एकेक करून, ढवळत. वरून मीठ अजिबात नाही. वाटताना पाणी कोमटच हवं. कढत पाण्यातला गरम रस तसाच घेऊन त्यात आगळ ओतलं की आंबटपणानं रस फुटतो आणि कण दिसायला लागतात. मग कितीही गाळलं तरी तो तुळतुळीतपणा परत येत नाही. सोलकढी उकळायची नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गरम रसात आगळ घालणं ही त्याचीच धाकटी आवृत्ती आहे, हे बरेच जण विसरतात.

आता मिठाचा हिशोब. आगळ करताना सालींच्या वजनाच्या १५ ते २० टक्के मीठ घालतात. साल बहुतांशी पाणीच असते, त्यामुळे सुटलेल्या रसात मिठाचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे १५ मि.ली.च्या एका चमच्यात साधारण अडीच ते साडेतीन ग्रॅम मीठ. तीन चमचे म्हणजे साडेसात ते साडेदहा ग्रॅम, तेही पाऊण लिटर रसात. खालच्या टोकाला सोलकढी बरोबर लागते, वरच्या टोकाला खारट. आगळ जास्त मिठाचं असेल आणि आंबटपणा कमी वाटला म्हणून चौथा चमचा घातला, तर पातेलं हातचं गेलं. अशा आगळाला एक उपाय आहे: दोनच चमचे आगळ घालायचं आणि उरलेला आंबटपणा सहा-सात आमसुलं अर्धी वाटी पाण्यात तासभर भिजवून, कुस्करून, गाळून घ्यायचा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा. दोन वाट्या सोलकढीत किती मीठ पोटात जातं ते पाहून दचकायला होतं.

खारट बाटलीचं कारण गटाकडे चौकशी केल्यावर उलगडलं, आणि ते कुठल्याही घरगुती कारखान्यात घडू शकेल असंच होतं. मीठ वजनानं न घालता डब्याच्या मापानं घातलं जात होतं. मधेच खडेमीठ संपलं आणि बारीक मीठ आलं. खड्यांमध्ये पोकळी जास्त, म्हणून त्याच डब्यात बारीक मीठ वजनानं बरंच जास्त मावतं. डबा तोच, हातही तोच, मीठ मात्र वाढलं. भरीस भर म्हणजे बरणीगणिक बाटल्या भरल्या जात होत्या. एका बरणीतल्या चुकीच्या पंधरा-वीस बाटल्या होतात, आणि त्या कुणाच्या वाट्याला येतील ते नशिबावर.

बरणीगणिक भरण्याचा दुसरा तोटा फळाचा. कोकमाची झाडं नर-मादी वेगळी असतात, आणि गावात उभी असलेली बहुतेक झाडं बियांपासून आपोआप उगवलेली. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन झाडांचं फळ आकार, सालीची जाडी, रंग आणि आंबटपणा यांत वेगळं असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं कोकण अमृता आणि कोकण हातिस या जाती दिल्या. त्यांची कलमं लावली तर फळ एकसारखं मिळतं, कारण कलम हे एकाच झाडाचं रूप. पण बचत गटाला रातांबे येतात ते वाडीवाडीतून, टोपल्यांतून, मिसळून. एका बरणीत जाड सालीचं गडद फळ पडलं आणि दुसरीत पातळ सालीचं फिकं, तर दोन्ही बरण्यांतलं मीठ काट्यावर तोललेलं असूनही आगळ वेगळंच होणार.

२०२४ला गटानं दोन गोष्टी बदलल्या. मीठ काट्यावर आलं, किलोभर सालीला १८० ग्रॅम. आणि सगळ्या बरण्यांतलं गाळलेलं आगळ आधी एका मोठ्या पिंपात एकत्र करून मगच बाटल्या भरायला सुरुवात झाली. बाकी कृती तीच, जुनी: फळ धुऊन, पुसून, कोरडं करून फोडायचं, गर आणि बिया काढायच्या, सालींचे तुकडे करायचे, बरणीत सालीचा थर, मिठाचा थर. पाण्याचा थेंब नाही. सात-आठ दिवस रोज लाकडी डावानं वरखाली करायचं, मीठ रस ओढून घेतं, मग गाळायचं. ओलं फळ किंवा ओला डाव गेला तर त्या जागी मिठाचं प्रमाण पातळ होतं आणि वर पांढरी साय धरते. ती काढून टाकली तरी वास राहतो. काही जण गाळून उरलेल्या साली वाळवून आमसुलं म्हणून विकतात. ती कडक असतात, त्यांच्यावर मिठाची पांढरी कणी दिसते आणि आंबटपणा जेमतेम. खरं आमसूल गराच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेलं, हाताला मऊ आणि चिकट लागतं. या गटाची आमसुलं वेगळी, अख्ख्या सालीची असतात, हे त्यांच्या बाजूचं.

२०२४च्या बाटल्या काट्यावर ११६ आणि ११७. सोलकढी तीनही चमच्यांना तंतोतंत बसली. तरी साडेचार न देता चारच तारे का, तर एका बाटलीचा रंग उतरलेला होता. तांबड्याऐवजी विटकरी, जवळपास चहाच्या रंगाचा. पहिल्यांदा वाटावं की माल पुन्हा घसरला. पण त्या वर्षीपासून लेबलवर बॅच क्रमांक यायला लागला होता, आणि उतरलेल्या बाटलीचा व चांगल्या बाटलीचा क्रमांक एकच होता. चांगली थेट गटाच्या खोलीतून घेतलेली, उतरलेली महामार्गावरच्या एका दुकानातल्या रस्त्याकडच्या फळीवरून, जिथे दुपारभर ऊन येतं. कोकमाचा रंग अँथोसायनिन गटातला. उजेड, उष्णता आणि हवा या तिन्हींनी तो विरतो आणि तपकिरी होतो. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत आणि उन्हात त्याला काही आठवडेही पुरतात. आंबटपणा तेवढाच राहतो, वजनही तेवढंच, पण सोलकढी मळकट दिसते. दोष दुकानाच्या फळीचा. तरी पारदर्शक बाटली निवडली गटानंच, म्हणून अर्धा तारा त्यांचा गेला आणि तो अजून परत मिळालेला नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो गैर नाही. आगळ हे झाडाचं, वाडीचं, हंगामाचं उत्पादन. ते दरवर्षी सारखंच हवं असेल तर कारखान्याचं घ्यावं. फळापुरतं हे मान्य. पण फळाचं काय ते झाडावर आणि मिठाचं काय ते हातावर. रंग एखाद्या वर्षी फिका, आंबटपणा एखाद्या वर्षी मवाळ, हे चालतं. ते पहिल्याच चमच्याला जिभेवर कळतं आणि माणूस अर्धा चमचा वाढवतो. मीठ बदललं तर मात्र काही वाढवूनही उपयोग नाही आणि काढून तर नाहीच. रोज पन्नास-साठ ताटं वाढणाऱ्या खानावळीत हे फार भोवतं. तिथे सोलकढी करणारी बाई चव बघत बसत नाही, ती पळी मोजते. बाटली बदलली की पळीचा अंदाज चुकतो आणि दुपारच्या पहिल्या पंगतीला त्याची शिक्षा. २०२३च्या त्या अप्रतिम बाटलीपेक्षा २०२४ची जरा साधी पण ठरलेली बाटली वरचढ ठरली ती यामुळे.

२०२५ हे खरं परीक्षेचं वर्ष. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात तळकोकणात येणारा मान्सून २५ मेलाच दाखल झाला, आणि त्याच्या आधीही काही दिवस पावसानं झोडपलं होतं. रातांबा तसा उशिरा पिकणारा. गावठी झाडांचं बरंचसं फळ मेच्या उत्तरार्धातच तयार होतं. भिजलेलं फळ पाणी धरतं, साल पिलपिली होते, लवकर कुजतं. आमसुलांना तर ऊनच नाही. बाजारात जिकडे तिकडे "औंदा पावसान वाट लावल्यान" एवढंच. अशा वर्षी दोन वाटा असतात. भिजलेलं फळ स्वस्तात घ्यायचं, टिकावं म्हणून मीठ वाढवायचं, रंगाला काहीतरी घालायचं आणि बाटल्यांचा आकडा गाठायचा. किंवा पावसाआधीचं जेवढं मिळालं तेवढ्यावर थांबायचं.

गट थांबला. बाटल्या कमी निघाल्या, दर थोडा चढला आणि नारळी पौर्णिमेपर्यंत माल संपत आला. बाटली काट्यावर ११६. रंग २०२४पेक्षा अर्धी छटा फिका, आंबटपणा तोच. तीन चमच्यांची सोलकढी डोळे मिटून चाखली तर आदल्या वर्षीची की या वर्षीची ते सांगता येऊ नये, इतकी सारखी. साडेचार तारे त्याचे. चांगल्या वर्षी चांगलं आगळ बऱ्याच जणांना जमतं.

त्या वर्षी बाजारात आलेल्या बाकीच्या बाटल्या घेताना काय पाहावं, तेही सांगायला हवं, कारण फसगत अशाच वर्षी होते. लेबलवर घटक दोनच असावेत, रातांब्याची साल आणि मीठ. परिरक्षक म्हणून २११ हा आकडा दिसला तर ते सोडियम बेंझोएट. ते नियमात बसतं, पण पुरेशा मिठाच्या आगळाला त्याची गरज नसते, म्हणजे मीठ कमी किंवा पाणी जास्त असा अर्थ निघू शकतो. १२२ किंवा १२४ दिसला तर तो घातलेला कृत्रिम लाल रंग. अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक हवा, पॅकिंगची तारीख हवी, बॅच क्रमांक हवा. लेबलवर काहीच नसेल तर घरी आल्यावर वाटीभर पाण्यात चमचाभर आगळ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून बघावं. फेस येईल, आणि खऱ्या कोकमाचा तांबडेपणा जाऊन रंग निळसर, करडा किंवा हिरवट होईल. तांबडा तांबडाच राहिला तर शंका घ्यायला जागा आहे. सोलकढीतही तेच दिसतं: खऱ्या आगळाचा एकच चमचा घातला तर रस जांभळट राखाडी दिसतो, आंबटपणा वाढेल तशी गुलाबी छटा येते. पहिल्याच चमच्याला भडक गुलाबी झाली तर ती करामत कोकमाची नव्हे. हॉटेलांतून बीट घालतात, ते रंगापेक्षा मातकट वासावरून पटकन कळतं.

पर्यटकांसाठी एक सूचना, कारण दुकानांतल्या फळ्यांवर दोन्ही बाटल्या शेजारी असतात. आगळ म्हणजे अमृतकोकम नव्हे. अमृतकोकमात साखर, आगळात मीठ. सरबत समजून आगळ पाण्यात ओतलं तर पहिला घोट थुंकावाच लागतो, आणि मग बिचाऱ्या बाटलीला एक तारा मिळतो. असले एक तारे परीक्षणांत सर्रास दिसतात.

माशाच्या कढीला या आगळाचं प्रमाण असं बसतं: अर्धा किलो बांगड्याच्या तिरफळं घातलेल्या आमटीला दीड ते दोन चमचे, मासा शिजल्यावर, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी. आधीपासून उकळलं तर रंग मरतो. आमटीत मीठ आगळ पडल्यानंतरच चाखून घालावं. बहुधा लागतच नाही. सुरमईच्या तुकड्यांना हळदीबरोबर लावायचं असेल तर एका तुकड्याला अर्धा लहान चमचा आणि पंधरा मिनिटं, बस. तासभर ठेवलं तर मांस पांढरट, घट्ट होतं आणि खारट लागतं. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ यांच्या भांड्यांत आगळ ठेवू नये, आणि स्टीलच्या डब्यातही मुक्काम नको. मीठ आणि आम्ल मिळून त्यालाही बारीक खड्डे पाडतात. काच किंवा चिनी मातीची बरणी उत्तम.

उरलेल्या तक्रारी. लिटरच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण आतून गंजतं. दोन महिन्यांत कडेला तपकिरी वळ दिसतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीला प्लास्टिकचं झाकण आहे, तीच घ्यावी. बाटली अजून पारदर्शक आहे, तेव्हा घरी आणल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात किंवा गडद बरणीत ओतून ठेवावी. फ्रीजची सक्ती नाही, पण फ्रीजमध्ये रंग जास्त टिकतो. ओला चमचा बुडवू नये. गटाचा माल दुकानात शोधण्यापेक्षा मेअखेरीस थेट सांगून ठेवावा. हंगाम संपल्यावर त्या फळ्यांवर जे उरतं ते बहुतेक उन्हातलंच असतं. चार माणसांच्या घराला, आठवड्याला एकदा सोलकढी आणि दोनदा आमटी धरली, तर वर्षाला पावणेपाच ते साडेपाच लिटर लागतं. एवढं एकदम घेताना सगळ्या बाटल्या एकाच बॅचच्या मागून घ्याव्यात, आणि पहिली उघडली की पाण्याशी वजन ताडून तो आकडा झाकणावर लिहून ठेवावा.